झरीच्या वाटेचा कौल

सोमवार, १० फेब्रुवारी

आधी कालच्या नोंदीतली दुरुस्ती. काल मी लिहिलं, "आज आम्ही सड्यावरून खाली उतरणारी एक नवी वाट शोधली." हे चूक आहे. आज सकाळी आईला मी हेच वाक्य ऐकवलं, तर ती खोबरं कातता कातता थांबली.

"शोधली? हरवली कदी होती गो ती?"

ती झरीची वाट. आईचं लग्न झालं तेव्हा वाड्यावरच्या, म्हणजे आमच्या वस्तीतल्या, बायका त्याच वाटेने पाणी आणायच्या. अजूनही उन्हाळ्यात नळ आटला की आणतात. वाटेच्या मध्यावर झर, तिथेच राखणदार देवाचं लहानसं देऊळ (तिथवर लांबच्या वळशाने रस्ताही जातो), आणि खाली पेडण्याजवळचा आमचा वाडा. मी इतकी वर्षं इथे राहते आणि वाट मला माहीत नव्हती, कारण लहानपणी दम्यामुळे मला रानात पाठवत नसत. तेव्हा खरं वाक्य असं: काल मी झरीच्या वाटेने पहिल्यांदा उतरले, आणि तेही सायकलवरून.

(खोडायचं नाही, पुढे दुरुस्ती लिहायची, ही बाबांची शिस्त. चौथीपर्यंत मी शाळेत गेलेच नाही. बाबा डिचोलीच्या खाणीवर मोजणीचं काम करायचे आणि संध्याकाळी मला घरी शिकवायचे. "खोडलेलं वाचता येत नाही. चूक वाचता आली पाहिजे," असं म्हणायचे. त्यामुळे माझ्या वह्या दुरुस्त्यांनी भरलेल्या आहेत.)

आता कालचं, नीट. सड्यावर, वरच्या कातळपठारावर, सगळं मोकळं, वाळलेलं गवत, वारा. मग वाट एकदम झाडीत शिरते आणि ऊन बंद होतं. पहिल्या वळणावर मी दोन्ही ब्रेक इतके आवळले की मागचं चाक बाजूला गेलं. सिद्धेश खाली थांबून ओरडला, "बोटं सैल सोड! नजर चाकावर नको, पुढे!" सिद्धेश म्हापशाचा, तिथल्याच एका बँकेत आहे आणि आमचा सायकलींचा गट त्यानेच जमवलाय. मी नजर पुढे टाकली आणि काय झालं ते मला नीट सांगता येत नाही. सायकल आपली आपण वळली. किंदळीच्या झाडांच्या मुळांवरून खडखडत, काजूंच्या खालून, पातेऱ्यातून, वाळक्या पानांतून, सरसर. मी ओरडत होते. घाबरून नाही. मी, जी लॅबमध्ये रक्ताच्या नळीवरचं नाव तीनदा वाचते, ती ओरडत होते आणि हसत होते.

सिद्धेश प्रत्येक वळणावर माझ्यासाठी थांबला. माझी चेन जुनी आहे, म्हणून असेल.

रविवार, १६ फेब्रुवारी

आज श्रमदान! हात सोलवटलेत, पाठ मोडलीय, आणि मला झोपायचंच नाहीये.

सिद्धेशने समजावलं की वाटेचा शत्रू सायकल नाही, पाणी आहे. पावसात पाणी वाटेवरूनच धावतं आणि तिची घळ करतं. म्हणून मध्ये मध्ये तिरके चर काढायचे, कडेला दगड लावायचे, म्हणजे पाणी बाजूच्या उतारावर जातं. दगड कुठून आणायचे हा प्रश्न होता, पण नशीब आमचं. दुसऱ्या वळणावर चिऱ्यांचा एक ढीग होता. कमरेएवढा रचलेला, वरून सपाट, शेवाळं धरलेला. कुणाच्या तरी घरबांधणीतून उरलेले असावेत. सगळे चिरे चरांना पुरले. मग दाताळ्यांनी वाटेवरचा पातेरा ओढून बाजूच्या घळीत लोटला. पातेरा ओला झाला की चाक घसरतं. दुपारपर्यंत वाट अगदी अंगणासारखी झाली.

संध्याकाळी एक गोष्ट घडली. ती आहे तशी लिहिते. प्रवीण, आमच्यातला सगळ्यात वेगवान, स्वच्छ वाट बघून सुसाट सुटला. दुसऱ्या वळणावर समोरून शेवंतीकाकी. डोक्यावर पातेऱ्याने भरलेली मोठी टोपली, हारा, मागे आणखी दोघी. शेवंतीकाकी म्हणजे वाड्यावरची सगळ्यात मोठ्या आवाजाची बाई. ती पटकन वाटेच्या बाहेर सरकली आणि हारा गडगडत खाली गेला. प्रवीणची सायकल तिला लागली नाही. मी मागे होते, मी पाहिलं. नाही लागली.

"काकी, लागलं का?" मी विचारलं.

"लागला नाय." ती तिथेच मातीत पाय पसरून बसली. "तू रामचंद्राचां चेडू मा? दम्याचां?"

"होय, त्यांचीच मुलगी."

"मगे आता दमा खंय गेलो?"

मी उठवायला हात पुढे केला. ती उठली, वळणाच्या त्या मोकळ्या जागेकडे पाहिलं, मग आमच्या चराकडे बराच वेळ पाहत राहिली. एका चिऱ्यावर पाय ठेवून दाबूनही बघितला. आमचं काम तिला आवडलं असावं. जाताना मात्र म्हणाली, "हारो ठेवूक जागो होतो हंय." आणि हसली. हसणं मला कळलं नाही.

मंगळवार, १८ फेब्रुवारी

वाड्यावर असं पसरलंय की सायकलवाल्यांनी शेवंतीला पाडलं. हे खरं नाही. पण "पाडलं नाही" हेही पूर्ण खरं नाही, कारण सायकल आली नसती तर ती सरकलीच नसती. मी बाबांना दोन्ही बाजू सांगितल्या. ते म्हणाले, "तू निकाल देऊ नको. तुला कुणी विचारलेलं नाही."

पण विचारणार आहेत. येत्या रविवारी देवळाच्या मांडवात बैठक आहे. झरीच्या वाटेवर सायकली बंद कराव्यात, असं काहीजण म्हणतायत.

सिद्धेशचा फोन आला. वाट बंद झाली तर गट डिचोलीकडे जाईल, तिकडे खाणीच्या बाजूला डोंगर मोकळे आहेत. तिकडे रविवारी सायकल घेऊन जायला मला बस नाही, कुणाचं वाहन नाही. म्हणजे माझं संपलं. हे मी त्याला सांगितलं नाही. त्यानेच विचारलं. "मग तू कशी येणार?" मग म्हणाला, "नाही, ही वाट सोडायची नाही." वाटेवर त्याचा फारच जीव आहे.

मला एक युक्ती सुचलीय. माणसांना सायकल ऐकू येत नाही, हाच घोटाळा ना? मग ऐकू यायला हवी. शुक्रवारी म्हापशाच्या बाजारात बघते.

शनिवार, २२ फेब्रुवारी

युक्ती फसली. पण अशी फसली की हसून माझं पोट दुखतंय.

शुक्रवारच्या बाजारात मी पितळेच्या घाट्या घेतल्या, गुरांच्या गळ्यात बांधतात त्या. सायकलची साधी घंटी रानात विचित्र वाटते, घाटीचा आवाज सगळ्यांच्या ओळखीचा. सगळ्यांनी हँडलला बांधल्या. आज सकाळी आम्ही सड्यावरून निघालो, खणण खणण, काय सुंदर आवाज! मला वाटलं आता भांडणच मिटलं.

झरीच्या खाली शेवंतीकाकीचे मिरचीचे वाफे आहेत. तिने आवाज ऐकला.

"गोरवां इली गो! मिरसांगेत शिरतली! धावा!"

आणि तिघी-चौघी बायका काठ्या घेऊन वाटेवर धावत वर आल्या. आम्ही खाली येतोय, त्या वर येतायत, आणि घाटीच्या आवाजामुळे त्या बाजूला व्हायच्या ऐवजी वाट अडवून उभ्या. प्रवीण करवंदीच्या जाळीत गेला. सिद्धेशने कसाबसा ब्रेक लावला, तर शेवंतीकाकीची काठी त्याच्या हेल्मेटपाशी येऊन थांबली.

"हो खंयचो रेडो?" काकी म्हणाली.

"म्हापशाचो," सिद्धेश म्हणाला.

बायका खाली बसून हसल्या. मीही. पण नंतर मला भीती वाटायला लागली. उद्याच्या बैठकीच्या आदल्या दिवशी आपण चार बायकांना काठ्या घेऊन डोंगर चढायला लावलं. घाट्या काढून ठेवल्या आहेत.

रविवार, २३ फेब्रुवारी

बैठक. मांडव भरलेला. एकजण म्हणाला सायकली बंद, दुसरा म्हणाला मुलं चांगला खेळ खेळतायत, तिसरा म्हणाला उद्या मोटारसायकली येतील. शेवंतीकाकी मात्र काहीच बोलली नाही, खांबाला टेकून नुसती ऐकत होती. मी तिच्याकडे बघितलं की ती माझ्याकडे बघायची. रागावलेली असणार.

शेवटी कृष्णनाथकाका उठले. राखणदाराची पूजा तेच करतात आणि कौलही तेच लावतात. ते म्हणाले, "वाट राखणदाराची. त्याकाच विचारूया. फाल्यां सोमवार."

सगळ्यांना पटलं. मग प्रश्न काय घालायचा यावर पुन्हा गलका. कुणी म्हणालं, सायकलवाल्यांना हाकलू का असं विचारा. कुणी म्हणालं, शेवंतीला त्रास झाला त्याचं काय ते विचारा. कृष्णनाथकाकांनी हात वर केला. "रामचंद्राचां चेडू खंय? तां दोनी कडचां. तां सांगात तो सवाल."

मला! दोन्ही कडची म्हणून! माझे कान तापले. मी घरी येऊन बाबांच्या टेबलाशी बसले. (मला हे मान्य करायला हवं की मी खूश होते. अजून आहे.) देवासमोरचा प्रश्न न्यायाचा हवा. त्यात सायकलवाले म्हटलं की ते आधीच आरोपी ठरले, आणि बायका म्हटलं की त्या तक्रारदार झाल्या. म्हणून कुणाचंच नाव नको. पुष्कळ कागद फाडल्यावर हे वाक्य झालं:

"झरीच्या वाटेवरची वर्दळ बंद करावी का?"

किती स्वच्छ आहे. त्यात कुणावर ओरखडा नाही.

सोमवार, २४ फेब्रुवारी

लॅबमधून अर्धा दिवस सुटी घेतली. राखणदाराच्या पाषाणाला कृष्णनाथकाकांनी पिटकोळीच्या फुलाच्या ओल्या पाकळ्या लावल्या. उजवी पाकळी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. माझं वाक्य त्यांनी मोठ्याने म्हटलं, शब्द न शब्द तसाच. सगळे श्वास धरून. माझ्या बाजूला सिद्धेश, त्याने रजा टाकलेली.

उजवी पडली.

कुणीतरी "सायकली बंद!" म्हणालं. मला रडू येणार होतं, मी दात आवळले. कृष्णनाथकाका वळले.

"सायकली नाय. वर्दळ बंद."

"म्हणजे?"

"म्हणजे सगळ्यांची. सायकल, माणूस, गोरूं. तसां विचारलां, तसां देवान सांगलां."

बराच वेळ कुणाच्या लक्षात आलं नाही. मग शेवंतीकाकीच्या आलं.

"आमी पण? पातेरो? काजी? पाणी?"

"देवाक सांगलां तां देवान आयकलां. मी काय करू?"

मग सगळ्या मांडवाने माझ्याकडे पाहिलं.

गुरुवार, २७ फेब्रुवारी

काजूला बोंडू पिवळे दिसायला लागलेत. वाटेच्या तोंडाशी कुणीतरी फांदी आडवी टाकलीय. झरीला जाणाऱ्या बायका आता रस्त्याने वळसा घालून जातात, आमच्या दारावरून. मी खिडकीत उभी राहत नाही.

बाबांना विचारलं, प्रश्नात चूक कुठे होती. ते म्हणाले, "चूक काही नव्हती. माणसं पण नव्हती." मी लिहून ठेवते, पण मला यातून नेमकं काय करायचं ते कळलेलं नाही.

सिद्धेश पंप परत द्यायला आला. पंप त्याचाच होता, मी दिलेला नव्हता. त्याच्या लक्षात आलं तेव्हा गोंधळला. आईने त्याला पोळी-भाजी खायला घातली, म्हणजे पोदेराच्या, पाववाल्याच्या, पोळ्या. चार खाल्ल्या. वाटेची काळजी असली की त्याला भूक लागते बहुतेक.

शनिवार, १ मार्च

शेवंतीकाकी आली! मी मागच्या दाराने सटकणार होते, पण आईने "हंय आसा गो ती" म्हणून मला धरून दिलं.

काकी ओट्यावर बसली. पाणी प्यायली. मी माफी मागायला तोंड उघडलं तर म्हणाली, "र्‍हवान दी तां. माका सांग, तो सवाल तुज्या एकट्याच्या डोक्यातलो?"

"होय."

"कोणाक विचारलंस नाय?"

"विचारलं असतं तर एका बाजूचं झालं असतं, म्हणून..."

"अगो, आमी रोज त्या वाटेर चलतंव. एकदा तरी माका विचार, शेवंत्ये, तुका काय होया?" तिने पदराने तोंड पुसलं. "बैठकेक मी खांब्याक टेकान बसलंय. म्हटलां, आता विचारीत. आता विचारीत."

म्हणजे ती रागाने बघत नव्हती. हे मी आता लिहितेय तर दोनदा वाचलं.

"काकी, तुला काय हवंय?"

"माजां दवरणां."

मला कळलं नाही. आईने कपाळाला हात लावला. दवरणं म्हणजे वाटेच्या कडेचा चिऱ्यांचा कट्टा. डोक्यावर ओझं घेऊन येणारी बाई एकटी असली तर ओझं खाली ठेवू शकते, पण पुन्हा डोक्यावर चढवू शकत नाही. कट्टा कमरेएवढा असला की ओझं त्याच्यावर सरकवायचं, दम खायचा, आणि डोकं खाली घालून पुन्हा उचलायचं. दुसऱ्या वळणावर होतं. कमरेएवढं, वरून सपाट. आम्ही त्याचे चर केले.

मी मान खाली घातली. काकीनेच बोलून टाकलं, "चर बरे केल्यात हां. पावसात माजी मिरसांग व्हावान जायत, ती आता जावची नाय. म्हणान मी त्या दिसा गप र्‍हवलंय." आणि पातेऱ्याचं विचारलं, घळीत का टाकला? तिला तो मिरचीच्या वाफ्यांना आणि गोठ्यात हवा असतो. आम्हाला तो वाटेवर नको असतो. मी आईकडे पाहिलं, आईने माझ्याकडे. आम्हाला नको ते तिला हवं, आणि ते एकाच वाटेवर पडलेलं! मी उडी मारून सिद्धेशला फोन लावला. काकी म्हणाली, "हळू गो, दमा येयत."

आता अडचण एकच. कौल परत लावता येतो का? काकी म्हणते, "तोच सवाल परत घातलो तर देव कोपता. पण नवां काय तरी घेवन गेलास तर नवां गाराणां घालूक मुभा आसा." म्हणजे आधी आपण सगळ्यांनी मिळून काहीतरी ठरवायचं, मग जायचं.

रविवार, २ मार्च

हात दुखतायत, पेन धरवत नाही, पण लिहिणारच.

बंद वाटेवर कामाला तरी जायचं का, ही शंका मी सकाळीच कृष्णनाथकाकांना विचारली. ते म्हणाले, "देवान वर्दळ बंद केल्या, काम नाय." मला हे पूर्ण पटलेलं नाही, नोंद करून ठेवते. पण आम्ही गेलो.

एका बाजूने आम्ही दाताळी घेऊन, दुसऱ्या बाजूने शेवंतीकाकी आणि तिच्या सोबतिणी रेश्मा आणि शालिनी. चरांतले चिरे उपसले नाहीत, काकीनेच अडवलं. प्रवीणच्या ओळखीने एका पडक्या गोठ्याचे चिरे मिळाले होते, तेच डोक्यावरून वर आणले. सायकलवाल्यांनी डोक्यावरून! सिद्धेशने एक चिरा चुंबळीवर घेतला आणि चार पावलांत मान तिरकी. रेश्मा म्हणाली, "हेल्मेट घाल रे, ओझां बसात."

मग दवरण्याची उंची. मी मोजपट्टी घेऊन गेले होते, बाबांची. काकीने ती बाजूला ठेवायला लावली. शालिनीला हारा घेऊन उभं केलं, चिरे एकावर एक चढवत गेलो, आणि ती "थांब" म्हणाली तिथे थांबलो. मग रेश्मा आली, ती वीतभर ठेंगणी. तिला ते उंच झालं. भांडण जुंपलं. शालिनी म्हणे माझी कंबर मोडेल, रेश्मा म्हणे माझे हात पोचत नाहीत. काकी दोघींना ओरडली आणि तिचंही माप तिसरंच निघालं. मग मीच म्हणाले, पायरी करूया? एका टोकाला उंच, एका टोकाला बुटकं. सगळ्या चिऱ्यांकडे बघायला लागल्या. मला वाटलं मी मूर्खासारखं बोलले. मग काकी सिद्धेशला म्हणाली, "बघतंस काय रे रेड्या, चिरो घेवन ये!"

पातेरा घळीत न ढकलता दवरण्याच्या मागे ढीग करायचा, हे ठरलं. दवरणं आलं की सायकलवाल्याने उतरून चालत वळण पार करायचं, मग तिथे कुणी असो नसो. प्रवीणने तोंड वाकडं केलं, कारण तेच वळण सगळ्यात मजेचं आहे. काकी म्हणाली, "माका बघून तुका मजा येयना?" तो कबूल झाला. काजूच्या दिवसांत सकाळी बायकांची वाट, ऊन वर आल्यावर सायकली. आणि सायकल फक्त वरून खाली, म्हणजे ती कुठून येणार हे बायकांना आधीच माहीत. ही शेवटची गोष्ट काकीने सुचवली. मी तिला म्हटलं, हा नियम परदेशातल्या वाटांवर पण असतो. ती म्हणाली, "त्यांका पण कोणी तरी शेवंतीन सांगलां आसतलां."

काम संपल्यावर रेश्माने नव्या बोंडूंचा नीरो, म्हणजे ताजा रस, पाजला, पहिल्या बोंडूंचा, गोड आणि घशाला किंचित ओढणारा. दवरण्यावर ओळीने बसून प्यायलो. मी दोन पेले घेतले. हे लिहितेय, पण मला खरंच वाटत नाही: मी आज इतक्या लोकांत होते आणि एकदाही वाटलं नाही की सगळे माझ्याकडे बघतायत.

शनिवार, ८ मार्च

दोन दिवस मी घाबरलेली आहे आणि म्हणून नोंद नाही.

गुरुवारी म्हापशाहून परत येताना कृष्णनाथकाका बसस्टँडवर भेटले. बसमध्ये शेजारी बसले. सोमवारी नवं गाऱ्हाणं घालायचं ठरलंय, सगळा वाडा येणार आहे. मी म्हटलं, काका, मी नीट लिहून देते, तुम्ही म्हणा. ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "मी नाय म्हणूचंय. ह्या खेपेक तूच उबी र्‍हवान सांग."

"मी? बाई? देवासमोर मोठ्याने?"

"देवाक बायलो समजनत नाय असां कोणी सांगलां तुका? सवाल घालूक तू होतलंस. गाराणां घालूक पण तूच होया."

घरी येऊन बाबांना विचारलं. त्यांनी नुसतं विचारलं, "तुला काय सांगायचंय ते ठरलंय का?" मी "हो" म्हटलं. मग ते म्हणाले, "तर मग मला कशाला दाखवतेस?" आणि वर्तमानपत्र उघडलं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी मी दाखवलेला कागद तपासला नाही. ते थकले असावेत.

भीती ही आहे: डावी पाकळी पडली तर? प्रश्न आता उलटा असेल, "उघडावी का", तेव्हा डावी म्हणजे नकार. कृष्णनाथकाका म्हणाले की मग निदान पुढच्या काजूपर्यंत वाट बंदच राहील. बायकांना पाण्यासाठी भर उन्हात वळसा, काजू झाडाखाली कुजतील, गट डिचोलीला जाईल, आणि हे सगळं माझ्या तोंडून. दोनदा. मी शेवंतीकाकीला हे सांगितलं. ती दवरण्याशी पातेऱ्याचा ढीग बघायला निघाली होती, पण वाट बंद म्हणून तोंडाशीच, फांदीच्या अलीकडे थांबली.

"पडली तर पडली," ती म्हणाली. "मगे तू परत दुसरां गाराणां घाल. बोलूक शिकलंस मा आता?"

सिद्धेशचा फोन आला. सोमवारी तोही येणार म्हणाला. मी म्हटलं, तुझ्या रजा संपतील. तो म्हणाला, संपू देत. मग म्हणाला, कौल कसाही पडला तरी मी रविवारी पेडण्याला येत जाईन, डिचोलीला नाही. मी म्हटलं, वाट बंद झाली तर तू इथे येऊन करणार काय? तो हळूच म्हणाला, बघू. त्याला वाईट वाटलं असणार. मी त्याला धीर दिला, की वाट उघडेल.

आज दुपारी मी परसात काजूखाली उभं राहून गाऱ्हाणं मोठ्याने म्हणून बघितलं. आवाज पहिल्या ओळीत फुटला. दुसऱ्यांदा तिसऱ्या ओळीत. मग मी कागद आत ठेवून आले आणि तोंडानेच म्हटलं, आणि फुटला नाही. आई विहिरीवर होती, तिने ऐकलं. "एक नाव र्‍हवलां," ती म्हणाली. "प्रवीण म्हटलंस, रेश्मा म्हटलंस, शालिनी म्हटलंस. तुजां?"

ते मी घातलं नव्हतं. आता घातलंय.

लॅबला कळवलंय. सोमवारी, १० मार्चला, सकाळी कृष्णनाथकाकांनी पाकळ्या लावल्या की मी राखणदारासमोर उभी राहणार, आणि झरीच्या वाटेवरून कोण कोण जातं, कशासाठी जातं आणि कुणी कुणाला वाट द्यायचं कबूल केलंय, ते एकेकाचं नाव घेऊन सांगणार. शेवंतीपासून सुरू करून गौरवीपर्यंत.